गाडीची बॅटरी खरंच गेलीय का ते घरी कसं ओळखायचं आणि नवीन स्वतः कशी बसवायची

सकाळी घाईच्या वेळी चावी फिरवली आणि गाडीने नुसतं टक टक केलं की बहुतेक जण सरळ बॅटरीवाल्याला फोन लावतात. तो अर्ध्या तासात दारात येतो, छोटं मशीन लावतो, "बॅटरी संपली" म्हणतो आणि चार-पाच हजार देऊन नवीन बॅटरी बसते. कधीकधी ते बरोबरही असतं. पण कितीतरी वेळा बॅटरी धडधाकट असते आणि खराबी असते टर्मिनलच्या ढिल्या क्लॅम्पमध्ये नाहीतर चार्जिंगमध्ये, किंवा रात्रभर डिकीतला दिवा चालू राहिलेला असतो, आणि मग नवी बॅटरी बसवूनही महिन्याभरात तीच टक टक परत ऐकू येते. म्हणून माझं सांगणं एवढंच की आधी मोजा, मग बदला. तीनशे-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर घरात असला तर हे काम कोणालाही जमतं, त्यासाठी मेकॅनिक असायची गरज नाही.

खाली जे सांगतेय ते साध्या पेट्रोल-डिझेल-सीएनजी गाड्यांबद्दल आहे, ज्यांची १२ व्होल्टची बॅटरी बॉनेटखाली असते. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतही वेगळी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि तीही मरते, पण त्या गाड्यांत नारिंगी रंगाच्या जाड केबलच्या आसपास हात घालायचा नाही, ते काम सर्व्हिस सेंटरवर सोडा.

आधी कान आणि डोळे वापरा

बॅटरी सहसा अचानक जात नाही, आधी काही आठवडे तरी इशारे देत असते, आपणच लक्ष देत नाही. सगळ्यात पहिला इशारा स्टार्टरच्या आवाजात मिळतो. नेहमी गाडी "घर्रर्र" करून एका दमात लागते, ती हळूहळू "घर्र... घर्र... घर्र" अशी ओढत लागायला लागते, आणि हे पहिल्यांदा कळतं ते सकाळच्या पहिल्या स्टार्टला, नाहीतर गाडी दोन-तीन दिवस उभी राहिल्यावर. थंडीत हे जास्त जाणवतं, निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तर नक्कीच, कारण गारठ्यात बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला जोर जास्त लागतो. पण बॅटरीला आतून मारते ती गरमी. उन्हाळ्यात आतलं पाणी उडतं, प्लेटा गंजतात, आणि नागपूर-चंद्रपूरकडे ४५ अंशात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी महाबळेश्वरच्या गाडीएवढी टिकावी अशी अपेक्षाच करू नका. आपल्याकडे साधारण तीन ते पाच वर्षं हे आयुष्य धरून चालायचं, म्हणजे तीन वर्षं झाली की दर थोड्या महिन्यांनी तपासत राहायचं.

बाकीची लक्षणं म्हणजे इंजिन बंद असताना हॉर्न बसका वाजणं, पॉवर विंडो रडतखडत वर जाणं, स्टार्ट करताना डॅशबोर्डचे दिवे विझून परत पेटणं किंवा घड्याळ परत १२ वर जाणं. ज्या गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं (याला स्टार्ट-स्टॉप म्हणतात) त्यांच्यात ते बंद व्हायचं थांबलं तर तोही इशाराच समजा, कारण बॅटरी कमकुवत दिसली की गाडी स्वतःहूनच ती सोय बंद ठेवते.

आता बॉनेट उघडा आणि नीट बघा. बॅटरीच्या बाजू फुगल्यात का, कुठे तडा गेलाय का, खाली ट्रेमध्ये ओल किंवा गंज आहे का, सडक्या अंड्यासारखा वास येतोय का. फुगलेली किंवा वास येणारी बॅटरी असेल तर पुढची काही टेस्ट करत बसू नका, चार्जरही लावू नका आणि जंप स्टार्टही (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून चालू करणं) करू नका, ती थेट बदलायचीच. वास येत असेल तर तिच्याजवळ काडी-लायटर काही नको, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो एका ठिणगीत पेटतो.

काही बॅटरींवर वर एक गोल काचेचा डोळा असतो. हिरवा म्हणजे ठीक, काळा म्हणजे चार्ज कमी, पांढरा किंवा पारदर्शक म्हणजे पाणी कमी, बॅटरी बदला, असं साधारण असतं, नेमका अर्थ बॅटरीच्या लेबलवर छापलेला असतो तो वाचा. पण त्या डोळ्यावर फार विसंबू नका. बॅटरीत सहा सेल, म्हणजे वेगवेगळे कप्पे असतात आणि तो डोळा त्यातल्या एकाच सेलचं सांगतो, बाकी पाचांतला एखादा मेलेला असला तरी डोळा हिरवाच दिसू शकतो.

आवाजावरून बॅटरी की दुसरं काही

हेडलाइट चालू करून गाडी भिंतीसमोर असताना चावी फिरवा, किंवा कोणाला तरी समोर उभं करा (हँडब्रेक ओढलेला आणि गिअर न्यूट्रलला असल्याची खात्री करून, आणि माणूस बाजूला उभा करायचा, थेट बंपरसमोर नाही).

लाइट एकदम मंद झाले आणि पटापट टक-टक-टक-टक आवाज आला तर बॅटरीत जोर नाही किंवा टर्मिनलचा कॉन्टॅक्ट नीट नाही. लाइट जसेच्या तसे लख्ख राहिले आणि एकच मोठा "खट" आवाज येऊन पुढे काहीच झालं नाही तर संशय स्टार्टर मोटर किंवा तिच्या सोलेनॉइडवर (मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचवर) जातो. लाइट लख्ख आणि आवाजच नाही, तर क्लच पूर्ण दाबलाय का, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये आहे का, चावीचं चिन्ह डॅशवर लुकलुकतंय का ते बघा, तिथे बॅटरीचा दोष नसण्याचीच शक्यता जास्त. आणि स्टार्टर मस्त जोरात फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर तो इंधनाचा किंवा स्पार्कचा प्रॉब्लेम आहे, बॅटरीवाल्याला बोलवून उपयोग नाही.

मीटर लावा

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक बॅटरीच्या + वर, काळं − वर. गाडी नुकतीच चालवून आलेली असेल तर आकडा खोटा जास्त दिसतो, कारण चार्जिंगचा वरवरचा व्होल्टेज अजून उतरलेला नसतो. म्हणून सगळ्यात चांगलं म्हणजे रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्ट करायच्या आधी मोजा. एवढा वेळ नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

१२.६ च्या आसपास किंवा वर म्हणजे पूर्ण चार्ज. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे पाव उरलीय, आणि ११.८ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. आकड्यातला फरक किती छोटा आहे बघा, म्हणूनच "मीटरवर बारा दाखवतंय म्हणजे बॅटरी चांगली" हे जे लोक म्हणतात ते साफ चुकीचं आहे, बारा म्हणजे ती जवळपास संपलीय. आणि आकडा १०.५ च्या आसपास येऊन अडकत असेल, कितीही चार्ज करून वर चढत नसेल, तर सहातला एक सेल गेलाय, कारण प्रत्येक सेल २.१ व्होल्टचा असतो. अशा बॅटरीवर वेळ घालवू नका.

आता पुढची टेस्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. मीटर टर्मिनलवर धरून ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी गाडी स्टार्ट करायला सांगा. स्टार्टर फिरत असताना आकडा खाली उडी मारतो. तो १० च्या वर राहिला तर बॅटरीत दम आहे. ९.६ च्या खाली गेला आणि त्याआधी उभ्याने १२.५-१२.६ दाखवत होती, तर बॅटरी आतून थकलीय, चार्ज दिसतोय पण जोर देता येत नाही. उभ्यानेच १२.१ होती आणि मग खाली गेली, तर अजून निकाल देऊ नका, ती कदाचित फक्त उपाशी आहे, आधी चार्ज करा.

चार्ज करायला शेजारी किंवा गॅरेजवाला चार्जर देतो, घरगुती ऑटोमॅटिक चार्जरही मिळतात. नियम असा की बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट, म्हणजे ३५ एएच (अँपिअर-अवर, लेबलवर लिहिलेली क्षमता) ची असेल तर साडेतीन-चार अँपिअर, आणि रिकाम्या बॅटरीला १० ते १२ तास. हवेशीर जागी, देवघर-किचनपासून लांब. चार्ज झाल्यावर चार्जर काढून रात्रभर नुसती ठेवा आणि सकाळी मोजा. १२.६ वर टिकली तर बॅटरी जिवंत आहे आणि तुमचा शोध दुसरीकडे न्यायचा. १२.३ वर घसरली तर प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसलाय, आता ती चार्ज धरणार नाही. बराच काळ अर्धवट चार्जवर पडून राहिलेल्या बॅटरीचं हेच होतं.

झाकणाच्या बुचांची बॅटरी असेल तर चार्ज करायच्या आधी पाण्याची लेव्हल बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला आणि चार्ज झाल्यावर वरच्या खुणेपर्यंत भरा. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी नको, आणि ॲसिड तर अजिबात नको.

टर्मिनल, जिथे बरेचदा खरी गोम असते

माझ्या मावशीची हॅचबॅक सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवड्यातून एक-दोनदाच हलते. ती लागेना म्हणून बॅटरी बदलायचं ठरलं होतं. मीटरचं टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर धरलं तर १२.५. मग एक टोक + च्या खुंटावर आणि दुसरं त्यालाच धरून बसलेल्या क्लॅम्पवर ठेवलं आणि मावशीला चावी फिरवायला सांगितली. दोन्ही एकमेकाला चिकटलेले धातू, मध्ये काही फरक दिसायलाच नको, तर मीटरवर जवळपास दोन व्होल्ट. म्हणजे बॅटरी देत होती ते क्लॅम्पच्या सांध्यातच अडून बसत होतं. क्लॅम्प काढला तर आत खुंटाभोवती करड्या रंगाचा पातळ थर होता, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. तो घासून काढला, क्लॅम्प आवळला आणि तीच बॅटरी पुढे गाडी लावत राहिली.

तर ही टेस्ट जरूर करा. स्टार्ट करताना खुंट आणि क्लॅम्प यांच्यात ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर सांधा खराब. तीच टेस्ट − च्या बाजूला, आणि मग − चा खुंट ते इंजिनचा उघडा धातू अशीही करा, कारण बॅटरीची काळी वायर बॉडीला आणि इंजिनला जिथे बोल्टने बसते तिथेही गंज धरतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात खाऱ्या हवेने आणि पावसाने हे फार होतं.

साफ करायचं ते असं. वाटीभर गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा, जुना टूथब्रश, आणि पांढरी-हिरवी भुकटी फसफसत निघेपर्यंत घासायचं (बुचं असतील तर घट्ट लावलेली असू द्या, सोडा आत सेलमध्ये जाता कामा नये). मग साध्या पाण्याने पुसून कोरडं करा आणि खुंट व क्लॅम्पची आतली बाजू बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा. क्लॅम्प आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा, म्हणजे हवा-पाणी लागत नाही. हे करताना क्लॅम्प काढावे लागतात, त्याचा क्रम खाली सांगितलाय तोच.

बॅटरी चांगली, पण भरतंय कोण

इंजिन चालू करा आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १३.८ ते १४.५ च्या मध्ये असेल तर अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी भरणारा छोटा जनरेटर) नीट चार्ज करतोय. हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डिफॉगर लावूनही १३.५ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना १२.३, १२.२ असं उतरतच जात असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट गेलाय आणि नवी बॅटरी टाकली तरी तीही एक-दोन दिवसात रिकामी होईल. १५ च्या वर सतत दिसत असेल तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, तो बॅटरी उकळून मारतो. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटर चालवतो आणि बॅटरी भरलेली असली की मुद्दाम व्होल्टेज कमी ठेवतो, त्यामुळे तिथे एकदा १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका, लोड टाकून वर चढतंय का ते बघा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, जुन्या मेकॅनिकांची एक पद्धत आहे, इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला. ती कोणालाही तुमच्या गाडीवर करू देऊ नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि इंजिनचं कंट्रोल युनिट उडू शकतं, त्याची किंमत कित्येक बॅटरींएवढी असते.

नवीन घेताना

सगळ्यात आधी जुन्या बॅटरीच्या लेबलचा फोटो काढा. त्यावर ३८बी२०एल, ३८बी२०आर, ५५बी२४एलएस, डीआयएन ४४, डीआयएन ६५ असा कोड असतो, तोच साइज मागा. शेवटचं एल किंवा आर अक्षर म्हणजे + आणि − कुठल्या बाजूला आहेत ते, आणि इथेच गोंधळ होतो. उलट बाजूची बॅटरी आणली तर वायर पोचत नाहीत, किंवा ओढून-ताणून पोचवल्या तर नको तिथे घासतात. बी२४ च्या कोडमध्ये शेवटी एस असेल तर खुंट जाड, नसेल तर बारीक. उंचीही तीच हवी, उंच बॅटरी बसवली आणि बॉनेट बंद करताना + चा खुंट पत्र्याला टेकला तर आगच लागते.

एएच थोडं जास्त घेतलं तर चालतं, पण ट्रेमध्ये बसायला हवी, कमी मात्र घेऊ नका. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत कंपनीने ईएफबी किंवा एजीएम नावाची, वारंवार स्टार्ट सोसणारी बॅटरी दिलेली असते, तिथे स्वस्त पडते म्हणून साधी बसवू नका, दिवसातून पन्नास वेळा स्टार्ट करायचा मार साध्या बॅटरीला सोसत नाही.

एक्साइड, अमरॉन, एसएफ सॉनिक, टाटा ग्रीन, यातली कुठलीही चालते, मी ब्रँडपेक्षा तारखेकडे बघते. बॅटरी दुकानात पडून पडूनही उतरत असते, म्हणून तीन महिन्यांच्या आतली मागा आणि दुकानातच मीटर लावून १२.५ च्या वर आहे का बघा, दुकानदाराला त्याचं वाईट वाटत नाही आणि वाटलं तर दुसरं दुकान. वॉरंटी "२४ + २४" किंवा "३६ + २४" अशी लिहिलेली असते. त्यातले पहिले महिने फुकट बदलून मिळते, नंतरच्या महिन्यांत फक्त किमतीत काही टक्के सूट मिळते, त्यामुळे "४८ महिने वॉरंटी" ऐकून हुरळू नका, पहिला आकडा विचारा. बिल घ्या, बॅटरीचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि वॉरंटीची नोंदणी दुकानातच करून घ्या.

बदलायचं कसं

लागतं काय? १० नंबरचा पाना (बऱ्याच गाड्यांत क्लॅम्पला १० चाच लागतो, बॅटरी धरून ठेवणाऱ्या पट्टीला कधी १२ किंवा १३), बॅटरी खालून पकडलेली असेल तर लांब एक्सटेन्शनचा सॉकेट, रबरी हातमोजे, डोळ्याला साधा चष्मा का होईना, सोड्याचं पाणी आणि फडकं. हातातली अंगठी, कडं, बांगड्या, घड्याळ, गळ्यातली लोंबणारी चेन काढून ठेवा, बॅटरीच्या दोन टोकांत सोनं आडवं आलं की ते क्षणात लालबुंद होतं आणि बोट भाजतं.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक वर, सगळं बंद, चावी खिशात. गाडीत राहू देऊ नका, वायर काढताना-लावताना काही गाड्या स्वतःच लॉक होतात, म्हणून ड्रायव्हरची काचही खाली घेऊन ठेवा. जुन्या काही गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमला कोड लागतो, तो आधी शोधून ठेवा. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या म्हणजे आतले कॉम्प्युटर झोपतात.

आता पहिली काढायची ती काळी, म्हणजे −. हा क्रम पाठ करण्यापेक्षा कारण समजून घ्या, म्हणजे कधी उलटा होणार नाही. गाडीचा अख्खा पत्रा − ला जोडलेला असतो. तुम्ही आधी + चा नट खोलायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं तर थेट शॉर्ट, मोठी ठिणगी, आणि पाना तिथेच चिकटतो. − आधी सुटली की पत्र्याचा संबंधच तुटला, मग + खोलताना पाना पत्र्याला कुठेही लागला तरी काही होत नाही.

नट ढिला करा, पूर्ण काढायची गरज नसते, क्लॅम्प डावीउजवीकडे हलवत वर ओढा. अडकला असेल तर गरम सोड्याचं पाणी ओता आणि थांबा, पण स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, शिसं मऊ असतं, खुंट बॅटरीच्या झाकणातून सैल होतो. नव्या गाड्यांत − च्या क्लॅम्पवर एक छोटा चौकोनी सेन्सर असतो, त्याला धरून ओढायचं नाही, त्याच्यावर जोर द्यायचा नाही. − ची वायर बाजूला वाकवून फडक्यात गुंडाळा, आपोआप परत टेकायला नको. मग + चं लाल झाकण उघडून तो क्लॅम्प काढा. काही गाड्यांत + च्या क्लॅम्पवरच मोठ्या फ्यूजची प्लॅस्टिकची पेटी असते, ती सावकाश सगळीच वर उचला.

मग धरून ठेवणारी पट्टी. हुकाच्या लांब सळया असतील तर त्यांचे नट काढा, एखादा खाली इंजिन बेमध्ये पडला तर सापडता सापडत नाही, म्हणून दुसरा हात खाली धरा. आता बॅटरी सरळ वर उचला. ३५ एएच ची छोटी बॅटरी नऊ-दहा किलोची असते, डिझेल एसयूव्हीची पंधरा किलोच्या वर जाते, तेव्हा वाकून कमरेने नाही, बंपरजवळ उभं राहून उचला आणि तिरकी करू नका. अंगावर ओल लागली तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि मग डॉक्टर.

ट्रे सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडा करा, रबरी चटई असेल तर परत टाका. नवीन बॅटरी खाली ठेवण्याआधी जुनीच्या शेजारी ठेवून बघा, + त्याच बाजूला आहे ना, उंची तीच आहे ना. मग ट्रेमध्ये ठेवा आणि आधी पट्टी आवळा. ही पायरी लोक फार हलक्यात घेतात. आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर सैल बॅटरी आतल्या आत हादरते, प्लेटांवरचा माल झडतो आणि चार वर्षांची बॅटरी दोन वर्षांत जाते. हाताने धरून हलवली तर हलायला नको, पण डबा दबेल इतकंही आवळू नका. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल तर तिला गॅस बाहेर नेणारी बारीक नळी असते, ती परत लावायला विसरू नका.

लावताना क्रम उलटा, आधी + आणि शेवटी −. क्लॅम्प खुंटाच्या तळापर्यंत दाबा, हातोडीने ठोकू नका, आवळा, आणि हाताने पिळून बघा, जरासुद्धा फिरायला नको. पूर्ण आवळूनही फिरत असेल तर खुंट बारीक आणि क्लॅम्प जाड आहे, तिथे पत्र्याचा तुकडा किंवा स्क्रू ठोकायचा उद्योग न करता शिशाची टोपी मिळते ती वापरा. − लावताना छोटीशी ठिणगी दिसली तर घाबरू नका, आतल्या कॉम्प्युटरना पहिला करंट जातो त्याची असते. मग लाल झाकण लावा, जेली लावा, आणि बॉनेट टाकण्याआधी पाने-फडकी सगळी बाहेर आहेत का मोजा.

बसवल्यावर

पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर एसी बंद ठेवून पाच-दहा मिनिटं गाडी तशीच चालू राहू द्या, आयडलिंग जरा वरखाली झालं तर ते स्वतः जुळवून घेतं. चार्जिंग व्होल्टेज परत एकदा मोजा. घड्याळ लावा. काच एका झटक्यात वर जायची बंद झाली असेल तर बटण ओढून काच पूर्ण वर न्या आणि वर गेल्यावरही दोन-तीन सेकंद ओढून धरा. स्टेअरिंगचा किंवा ट्रॅक्शनचा दिवा लागून राहिला तर स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत एकेकदा फिरवा आणि थोडी चालवा, बहुतेक वेळा विझतो. स्टार्ट-स्टॉप एक-दोन दिवस चालू होत नाही, सेन्सरला नवी बॅटरी ओळखायला वेळ लागतो. काही महागड्या जर्मन गाड्यांत नवी बॅटरी कॉम्प्युटरमध्ये नोंदवावीच लागते, त्या गाड्यांचं काम घरी करू नका.

नवीन बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही ठीक असूनही गाडी दोन-तीन दिवसांनी लागत नसेल तर कोणीतरी रात्री करंट खातंय. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा, − चा क्लॅम्प काढून मीटर क्लॅम्प आणि खुंट यांच्या मध्ये जोडा, दारं लॉक करा आणि अर्धा तास थांबा. आकडा ०.०५ अँपिअरच्या आत हवा. ०.३ दिसलं तर ३५ एएच ची बॅटरी पाच दिवसांत पूर्ण रिकामी, म्हणजे दोन-तीन दिवसांतच गाडी लागायची पंचाईत. मग फ्यूज एकेक काढत जा, ज्याने आकडा पडेल तिथे चोर. बहुतेकदा बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, म्युझिक सिस्टिम किंवा डिकीचा दिवा निघतो. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडतो नाहीतर मीटरच जळतो.

गाडी जास्त उभी राहत असेल तर आठवड्यातून एकदा नुसती पाच मिनिटं चालू करून बंद करण्याने बॅटरी भरत नाही, अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणा. महिनाभर बाहेरगावी जाणार असाल तर − चा क्लॅम्प काढून ठेवा. आणि गणपतीला कोकणात निघायच्या आठवडाभर आधी सकाळी मीटर लावा, घाटात रात्री गाडी बंद पडण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं काम बरं.

जुनी बॅटरी घरात, गॅलरीत पडू देऊ नका, भंगारवाल्यालाही देऊ नका, तो ॲसिड गटारात ओतून शिसं काढतो आणि ते विष जिथे मुलं खेळतात त्याच मातीत जातं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी परत गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे, आणि दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीतून जुनीचे पैसे वजाही करतो. म्हणून नवीन घेताना दोन किमती विचारा, जुनी देऊन किती आणि न देता किती. घरी बदलणार असाल तर नवीन आधी आणा, बसवा, आणि त्याच दिवशी जुनी सरळ उभी ठेवून, खाली जाड प्लॅस्टिक टाकून दुकानात नेऊन द्या, तेवढे पैसे परत मिळतील असं बिलावर आधीच लिहून घ्या.